फुरसुंगीला न जाणारी बादली

यंदाच्या अंकाचा विषय ‘माती’ आहे, शेतीवर लिहिणारे पुष्कळ मिळाले, तुम्ही शहराच्या बाजूने बघा, असं संपादकांनी कळवलं. शहराच्या बाजूने बघायचं तर स्वयंपाकघरातल्या ओल्या बादलीपासून सुरुवात करावी लागते. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. त्यातला निम्म्याच्या आसपास भाजीची देठं, फळांची सालं, शिळं अन्न, निर्माल्य आणि पालापाचोळा. हे सगळं मातीतून आलेलं आहे आणि नीट सांभाळलं तर दीड-दोन महिन्यांत खत होऊन हातात येतं. तरीही वर्षानुवर्षं त्याचा मोठा भाग शहराबाहेरच्या एका ढिगाऱ्यात जाऊन कुजत राहिला. तो ढिगारा ज्यांच्या शेजारी आहे त्यांना, आणि तिकडे निघालेला कचरा रोज सकाळी वाटेतच अडवणाऱ्या बायकांना भेटायला मी गेले.

मंतरवाडीच्या पुढे

हडपसर मागे टाकून सासवड रस्त्याला लागलं की मंतरवाडीच्या चौकाजवळ दुचाकीवरची माणसं स्कार्फ वर ओढून घेतात. अंगवळणी पडलं आहे. गप्पा सुरूच असतात आणि हात आपोआप नाकाकडे जातो. हाच रस्ता पुढे वडकीवरून दिवे घाटाला भिडतो. आषाढात माउलींची पालखी इथूनच सासवडला जाते.

कोथरूडच्या कचरा डेपोभोवती वस्ती दाटली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या हद्दीत यायला लागला. कोथरूडच्या त्या जागेवर आता वनाजचा मेट्रो डेपो आहे. तिथल्या फ्लॅटचे भाव काय आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. इकडे मात्र डेपो वाढत वाढत १६३ एकरांवर पसरला. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याचे ढीग झाले, ढिगांच्या टेकड्या झाल्या, त्यातल्या काहींवर नंतर माती आणि प्लास्टिकचं आवरण घालून त्या झाकल्या गेल्या.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला त्यांची विहीर दाखवली. वडिलांनी खणलेली, दगडी बांधाची, आत उतरायला पायऱ्या. पाणी आहे, तळ दिसत नाही. ते म्हणाले, आधी पाण्यावर तवंग आला, मग जनावरं तोंड लावेनात, मग आम्हीच मोटर काढून घेतली. विहीर भरलेली असताना घरासमोर टँकरची वाट बघायची, हे त्यांच्या सुनांनी लग्न होऊन आल्यापासून केलं आहे. भूजल खराब झाल्यामुळे महापालिकेला या गावांना टँकरने पाणी द्यावं लागलं, हे सरकारदरबारी नोंदलेलं वास्तव आहे. त्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो.

२०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरल्या. पुण्याच्या पेठांमध्ये, कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा साठला, मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली गेली आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. पाटी बदलली तरी विहीर तीच आहे.

त्या तीन आठवड्यांत पुणेकरांना कचऱ्याची चीड आली ती वासामुळे. मला वाटतं, चीड यायला हवी होती ती आणखी एका गोष्टीची. रस्त्यावर पडलेला जो कचरा आपल्याला तीन दिवसांत असह्य झाला, तोच आपण त्या गावांना पंचवीसेक वर्षं रोज देत होतो. आणि वास येणारा, पाणी सोडणारा, माश्या बोलावणारा भाग त्यातला फक्त ओला होता. कोरडा कागद, काच, पत्रा कोणाच्या विहिरीत उतरत नाही.

ढिगाच्या पोटात

भाजीच्या कचऱ्यात वजनाने सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. म्हणजे शहरातून ओल्या कचऱ्याची गाडी निघते तेव्हा डिझेल जाळून आपण मुख्यतः पाणीच वाहून नेत असतो. कॉम्पॅक्टरने तो दाबला की त्यातलं काही पाणी रस्त्यावर ठिबकतं. गाडीमागून दुचाकीवर गेलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. उरलेलं ढिगात जातं.

ढीग उंच झाला, त्यावर दुसरा थर आला, की खालच्या थरातली हवा संपते. हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि हवेविना जगणारे कामाला लागतात. ते आधी अन्नाचं आम्ल करतात, म्हणून आंबूस, डोक्यात जाणारा वास. त्यानंतर काही महिन्यांनी मिथेन बनवणारे जिवाणू जम बसवतात. मिथेनला वास नसतो, पण हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने अठ्ठावीस पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशी पट भारी पडतो. ढिगाच्या आतली ऊब, मिथेन आणि प्लास्टिकच्या चिंध्या एकत्र आल्या की उन्हाळ्यात आगी लागतात. त्या वरून विझवता येत नाहीत. आतल्या आत धुमसत राहतात. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता.

आंबलेल्या कचऱ्यातून झिरपणारं आम्लयुक्त काळं पाणी वाटेत येईल ते विरघळवत खाली उतरतं: बॅटरीतलं जस्त, रंगाच्या डब्यातलं शिसं, औषधांचे अवशेष. पावसाळ्यात त्याचा ओघ वाढतो. फुरसुंगीच्या विहिरीत जे पोचलं ते हेच. घरातल्या पडवळाच्या सालाने एकट्याने कोणाचं पाणी नासवलं नसतं, आणि बॅटरीही कोरडी राहिली असती तर इतकी पाझरली नसती. दोन्ही एका बादलीत पडले, तिथे सगळं बिघडलं.

हे कायद्याला ठाऊक नव्हतं असं नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली देशभरासाठी घनकचऱ्याचे नियम आले, २०१६ मध्ये ते आणखी कडक झाले. २०१६ च्या नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे. कुजणारा कचरा भरावभूमीत न्यायचाच नाही. रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी, म्हणजे मोठ्या सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांनी, ओल्याची सोय शक्यतो आवारातच करायची. कागदावर हे सगळं नेमकं आहे. ते जमिनीवर कुठे उतरतं ते बघायला सकाळी सातला एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहावं.

दुधाच्या पिशवीचा कोपरा

कोथरूडच्या एका गल्लीत ‘स्वच्छ’ संस्थेच्या दोन कष्टकरी बायका ढकलगाडी घेऊन येतात. गाडीवर दोन मोठे डबे, बाजूला लटकवलेल्या गोण्या. एक जण वर चढून दारोदारच्या बादल्या खाली आणते, दुसरी खाली गाडीपाशी थांबते. लिफ्ट आहे, पण कचऱ्याची बादली घेऊन लिफ्टने यायचं नाही, असा या इमारतीचा अलिखित नियम आहे. चार मजले, दोन्ही हातांत बादल्या. ओला कचरा जड असतो, हे त्या जिन्यात त्यांच्याबरोबर चढल्यावर नीट समजतं.

खाली उभ्या मावशी बादली डब्यात उलटी करत नाहीत. आधी तिरकी करतात, एक नजर टाकतात, आणि हात घालतात. मी जवळ उभी राहून बघत होते. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर. गोळ्यांची रिकामी चांदी. चहाच्या चोथ्यात रुतलेलं टी-बॅगचं लेबल. आणि दर दोन-तीन बादल्यांमागे एक, दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला कोपरा. नखाएवढा तुकडा. पिशवी धुऊन सुक्यात टाकणारी माणसंसुद्धा तो कोपरा ओट्यावर कापतात आणि तो सालांबरोबर ओल्यात जातो. मावशी तो दोन बोटांत धरून गोणीत टाकतात. “हाच सगळ्यात लांब टिकतो,” असं त्या म्हणाल्या. तो कुठवर टिकतो ते मला पुढे दिसणार होतं.

‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. तिच्या मागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे; डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ती बांधली गेली. उकिरड्यावर कागद, काच वेचणाऱ्या बायकांना तिथून उठवून दारात आणायचं, म्हणजे त्यांना कचऱ्यात वाकावं लागणार नाही आणि कचरा मिसळण्याआधीच त्यांच्या हाती येईल, असा तो विचार होता. २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांहून अधिक जणी आणि जण या कामात आहेत. दर घरामागे महिन्याचं शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे, ही त्यांची कमाई.

इथे एक गोष्ट थांबून बघायला हवी. सुक्यातून त्यांना पैसे मिळतात. ओल्यातून एक रुपयाही मिळत नाही. ओला वेगळा ठेवला की सुका स्वच्छ राहतो आणि त्याला भाव येतो, एवढाच अप्रत्यक्ष फायदा. तरीही नखाएवढा तुकडा काढायला हात ओल्यात जातो. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही, अशी मोहीम या बायकांनी चालवली. ठिपका काढणाऱ्या घरांची संख्या वाढली आहे. न काढणाऱ्या घरांमध्ये शिकलेली घरं किती, हे मावशींनी न विचारता सांगितलं.

कात्रजला २०१०-११ च्या सुमारास महापालिका, ‘जनवाणी’ संस्था, एक खासगी कंपनी आणि ‘स्वच्छ’ यांनी मिळून शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग केला. तिथे जे यश मिळालं ते कुठल्याही यंत्राने मिळालं नाही. घरोघर पुन्हा पुन्हा जाऊन, बादली परत देऊन, उद्या वेगळं करून द्या म्हणून सांगून मिळालं. सांगणं थांबलं की वेगळं करणंही सैल पडतं, हेही तिथेच दिसलं. हे काम एकदा करून संपणारं नाही आणि ते करणाऱ्या माणसाला त्याचा पगार लागतो, ही साधी बाब आपल्या नियोजनात अजून बसलेली नाही.

गल्ली संपली की गाडी फीडर पॉइंटला जाते. तिथे महापालिकेच्या गाडीत ओला वेगळा, सुका वेगळा घ्यायचा असतो. दोन्ही कप्पे वेगळे असतील, गाडी वेळेवर आली असेल आणि मुकादम सांभाळून घेणारा असेल, तर ओला हस्तांतरण केंद्राच्या रॅम्पवरून प्रक्रियेला जातो. गाडी दोन तास उशिरा आली, कप्पा भरलेला असला, तर वेगळं केलेलं तिथेच एकत्र होतं. सकाळी जिन्यातून उतरवलेली मेहनत वाया जाते ती अशी, कोणाच्या वाईट हेतूशिवाय.

हौदाशी

म्हणूनच ज्या सोसायटीतून ओला बाहेरच पडत नाही ती बघायला मी मुद्दाम गेले. शंभरेक घरं, मागच्या बाजूला कुंपणाला लागून विटांचे चार हौद, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली, वर पत्रा. हौद सांभाळणाऱ्या मावशी पूर्वी वेचायला जायच्या. आता त्या खत करण्याचं प्रशिक्षण घेऊन दोन-तीन सोसायट्यांचे हौद बघतात.

त्यांनी पत्रा सरकवला आणि लोखंडी सळई ढिगात खोल घातली. थोड्या वेळाने काढून माझ्या हातात दिली. धरवेना. चांगल्या चाललेल्या ढिगाचं आतलं तापमान पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत जातं. त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ही ऊब बाहेरून दिलेली नाही, जिवाणूंच्या खाण्यातून निघालेली आहे. मावशींकडे थर्मामीटर आहे, सोसायटीने घेऊन दिलेला. त्या सळईच वापरतात.

कामाची रीत अशी. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर दिवसाचा ओला कचरा, मोठं साल असेल तर कोयत्याने तोडून. त्यावर वाळका पाला, जवळजवळ तेवढ्याच आकारमानाचा. आधीच्या हौदातलं दोन पाट्या अर्धकच्चं खत विरजणासारखं टाकायचं. दर काही दिवसांनी फावड्याने खालवर. भाजीच्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. तो कर्ब पाला देतो, आणि जादा पाणीही पालाच शोषतो. पाला कमी पडला की दोन दिवसांत अमोनियाचा वास सुटतो, आणि वरच्या मजल्यावरून फोन येतो.

म्हणून या मावशींची खरी चिंता ओल्या कचऱ्याची नाही, पाल्याची आहे. कोपऱ्यात पाल्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच वर्षभराचा पाला साठवावा लागतो. नेमक्या त्याच दिवसांत शहरभर रस्त्याकडेला पाला जाळला जातो. पाला ज्यांच्याकडे जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून देण्याचं काम ‘ब्राऊन लीफ’ नावाचा पुण्यातला गट काही वर्षं करतो आहे. पालिकेच्या प्रत्येक आरोग्य कोठीने हे केलं असतं तर? जाळायला एक काडी लागते, साठवायला गोणी आणि जागा लागते; अडतं ते एवढ्यावरच.

हौदाच्या मधल्या थरात करड्या, चपट्या अळ्या वळवळत होत्या. काळ्या सैनिक माशीच्या. त्या कोणाला चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, शिळ्या अन्नाचा फडशा पाडतात. त्या बघून सभासद घाबरले आणि कीटकनाशक फवारायचा आग्रह झाला, तेव्हा मावशींनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांत पाला वाढवला, ढीग कोरडा केला, अळ्या आपोआप कमी झाल्या.

शेवटच्या हौदातलं खत काढून चाळणीवर टाकलं होतं. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या अंगणाचा वास. शंभर किलो ओल्यामागे पंधरा-वीस किलो हाती येतं. बाकी पाणी आणि वायू होऊन उडून जातं. म्हणजे या सोसायटीने शहरातून वाहून न्यायचं जे ओझं होतं त्यातलं चार पंचमांश किंवा त्याहून जास्त इथल्या इथे नाहीसं केलं. चाळणीच्या वर जे उरलं ते मी हातात घेऊन बघितलं: आंब्याची कोय, अर्धवट कुजलेली करवंटी, आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे, अक्षरं वाचता येतील इतके ताजे. साठ दिवस ढिगात राहून ते जसेच्या तसे होते.

असे हौद पुण्यात सगळीकडे असायला हवेत. नव्या इमारतीला परवानगी मिळताना गांडूळ खताची सोय दाखवावी लागते आणि चालू प्रकल्पाला मिळकतकरात सवलतही मिळते. प्रत्यक्षात कित्येक इमारतींच्या मागे टाइल्स लावलेले, कोरे, कधीच न वापरलेले हौद मी पाहिले. एकात सायकली ठेवल्या होत्या. बिल्डर बांधून देतो आणि जातो. चालवायचं कोणी, त्याला पैसे कोण देणार, हे ठरत नाही. काही सोसायट्यांनी चोवीस तासांत खत करणारी विजेची यंत्रं घेतली. त्यातली बरीचशी यंत्रं कचरा तापवून नुसता सुकवतात. बाहेर येतो तो भुगा दिसायला खतासारखा असतो, पण कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो आणि रोपं पिवळी पडतात. जिवाणूंना लागणारे दिवस त्यांना द्यावे लागतात.

गॅस जिथे अडतो

सगळ्याच घरांमागे हौदाला जागा नाही. पेठांमध्ये वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींना पार्किंगच पुरत नाही, वस्त्यांमध्ये तर प्रश्नच येत नाही. हॉटेलचं शिळं अन्न हौदात घालता येत नाही. तेल-मीठ-रस्सा यांनी ढीग बसतो. त्याला बायोगॅस बरा. महापालिकेने गेल्या दीड दशकात वेगवेगळ्या भागांत रोज पाच टन क्षमतेचे पंचवीसच्या आसपास बायोगॅस प्रकल्प उभे केले. गॅसवर वीज करून रस्त्यावरचे आणि उद्यानांतले दिवे लावायचे, अशी योजना. त्यातले कित्येक बंद पडले किंवा क्षमतेपेक्षा फार कमी चालले.

तंत्र आपल्याकडे घरचं आहे, हे विशेष. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ संस्थेत शेणाऐवजी पिष्टमय, खरकट्या अन्नावर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं. त्याला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेलं अन्न, त्यात जिवाणूंसाठी फारसं उरत नाही, सरळ अन्नच द्या, गॅस कितीतरी जास्त आणि लवकर मिळतो. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ तयार केलं. त्यात कचरा आधी गरम पाण्याच्या टाकीत हवेवर पचवून मग बंद टाकीत सोडतात. माथेरानसारख्या गाड्यांना बंदी असलेल्या गावात, जिथून कचरा खाली आणणंच मुश्कील, तिथे त्याचा उपयोग झाला.

मग शहरात प्रकल्प का अडतात? एका चालकाने मला क्रशरपाशी नेऊन तिथला ढीग दाखवला. स्टीलचे चमचे, लिंबांची सालं, अंड्यांची टरफलं, हाडं, कागदी कप, टूथपिकं. चमच्याने क्रशरचं पातं मोडतं आणि सुटा भाग यायला आठवडा जातो. अंड्यांची टरफलं टाकीच्या तळाला बसून थर धरतात. लिंबा-संत्र्याच्या सालीतलं तेल मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. एखाद्या दिवशी लग्नाचं जेवण एकदम आलं, टाकीत भाताचा लोंढा गेला, तर आम्ल इतकं वाढतं की जिवाणू थांबतात आणि टाकी मूळ पदावर यायला काही आठवडे लागतात. टाकी जिवंत आहे. तिला रोज ठरावीक वेळी, ठरावीक, स्वच्छ खाणं लागतं. आपल्या निविदेत टाकीची क्षमता असते, पुरवठा किती स्वच्छ हवा आणि तो कोणी तपासायचा हे फार मागे, बारीक अक्षरांत असतं.

मला चालकाचं काम मावशींच्या कामापेक्षा वेगळं वाटलं नाही. तोही हात घालून चमचे काढत होता.

वेंगुर्ल्याची बाजू

हे मोठ्या शहरात जमत नाही, लहान गावात जमतं, असं म्हणणारे वेंगुर्ल्याचं उदाहरण देतात. बारा-तेरा हजार वस्तीच्या या नगरपरिषदेत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा घरातूनच वेगवेगळा घेतला जाऊ लागला, ओल्यावर बायोगॅस, पालापाचोळ्याच्या कांड्या, प्लास्टिक डांबरी रस्त्यात. कचरा डेपोची जागा लोक बघायला यायला लागले. शेजारच्या गोव्यातही साळगावच्या प्रकल्पात ओल्यापासून वीज होते.

पण हेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत गेले. तिथे २०२० मध्ये ओला-सुका वेगळा न दिलेला कचरा घ्यायचाच नाही अशी मोहीम सुरू झाली, रस्त्यावरच्या कुंड्या उचलल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये खाडीलगतचं आधारवाडीचं डंपिंग बंद झालं. लाखोंच्या शहरात ते होऊ शकलं. दोन्हीकडे पहिली पायरी एकच होती: मिसळलेला कचरा नाकारणं. नाकारायला वरून पाठिंबा लागतो. दारातल्या बाईने बादली परत केली आणि सभासदाने नगरसेवकाला फोन केला, की तिच्या बाजूने उभं राहणारं कोणी आहे का, यावर सगळं ठरतं.

खत घेणार कोण

कचऱ्याचं खत झालं तरी गोष्ट संपत नाही. मुळशीकडच्या एका शेतकऱ्याकडे मी त्या सोसायटीच्या मूठभर खताची पिशवी नेली. त्यांनी ती कागदावर पसरली, बोटाने फिरवली. मग त्यांनी आधीच्या वर्षी आणलेल्या शहरी खताचा अनुभव सांगितला. मिश्र कचऱ्यापासून केलेलं, स्वस्त मिळालं म्हणून ट्रॉलीभर टाकलं. पहिल्या नांगरटीला काच वर आली. भात लावताना चिखलात अनवाणी उतरावं लागतं. त्या वर्षी घरच्या बायकांनी लावणीला त्या खाचरात उतरायला नकार दिला.

राज्य सरकारने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने शहरी खताला ओळख दिली, त्यासाठी जड धातू आणि इतर घटकांची तपासणी ठरवली. हे चांगलं पाऊल आहे. पण शेतकऱ्याचा विश्वास चिखलात पाय टाकताना ठरतो. आपल्या काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी होत चालला आहे हे कृषी खातं सांगतं, शेणखत मिळत नाही हे शेतकरी सांगतात, आणि शेकडो टन सेंद्रिय माल रोज शहरातून निघतो. हे तिन्ही एकत्र येण्याच्या मध्ये काच आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा उभा आहे.

शेतकऱ्याने मूठ परत पिशवीत भरली आणि भाव विचारला. चाळलेलं असेल तर पावसाच्या आधी एक टेम्पो घेईन, म्हणाले, पण चाळतंय कोण ते मला एकदा दाखवा. मी त्यांना मावशींचं काम सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, त्यांना त्याचे किती मिळतात.

तो प्रश्न मी महापालिकेसाठी इथे नोंदवते. कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या ठेकेदाराला महापालिका टनामागे पैसे देते. मिश्र कचरा आला तरी देते. ‘स्वच्छ’चा २००८ चा करार संपल्यावर मात्र ही संस्था कितीतरी काळ तात्पुरत्या मुदतवाढींवर चालली, पुढच्या महिन्यात आपला रस्ता आपल्याकडे राहील की नाही हे बायकांना माहीत नसायचं. ओला कचरा स्वच्छ वेगळा करून दिला, त्या प्रत्येक टनाचा मोबदला तो वेगळा करणाऱ्या हाताला द्यावा, टनामागच्या त्याच पैशांतून. सोसायटीच्या हौदात जिरलेल्या टनालाही तो द्यावा, कारण तो टन गाडीत चढलाच नाही, त्याचं डिझेल लागलं नाही, त्याचं काळं पाणी कोणाच्या विहिरीत गेलं नाही. वजनकाटे रॅम्पवर आहेत. सोसायट्यांमध्ये साधा हुकाचा तराजू चालतो. मावशींच्या हौदाशेजारी तो खिळ्याला टांगलेला आहे आणि रोजचे किलो त्या एका शाळेच्या वहीत लिहितात.